समुद्रकाठच्या घरातला एसी दर उन्हाळ्यात गॅस का मागतो?

तुमचं म्हणणं मला असं समजलं. दापोली तालुक्यात किनाऱ्यापासून दोनशे-अडीचशे मीटरवर जांभ्याचं घर, वर स्लॅब. आईवडील तिथे कायम राहतात, तुम्ही पुण्याला. चार वर्षांपूर्वी दोन्ही बेडरूममध्ये दीड-दीड टनाचे इन्व्हर्टर एसी बसवले. गेली दोन वर्षं एप्रिल आला की पश्चिमेकडच्या खोलीतल्या एसीचा गॅस संपतो, मेकॅनिक भरून जातो, पुढच्या एप्रिलात पुन्हा तेच. यंदा तो म्हणाला, आउटडोअर गेलं, नवीनच घ्या. पावसाळ्यात एसी लावूनही खोल्या दमट राहतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. आणि गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरची टाकी गळायला लागली आहे. तुम्ही विचारलंय की एसी कोणत्या कंपनीचा घ्यावा, आणि सोलरच पुन्हा बसवावा की साधा गीझर.

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीत मी बरीच वर्षं एसी-फ्रीजची कामं करतो, त्यामुळे हे गाऱ्हाणं ओळखीचं आहे. कंपनीचा प्रश्न मी शेवटाकडे ठेवतो. जुनं आउटडोअर जिथे टांगलंय तिथेच नवं टांगलं, तर ते कुणाचंही असो, तीन-चार वर्षांत त्याची तीच गत होणार. आधी जागा बघायची, मग मशीन.

पहिली गोष्ट गॅसची. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. मशीन चांगलं बसवलेलं असेल तर दहा वर्षांतही तो भरावा लागू नये. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गळाला. त्यामुळे गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणं याला मी सर्व्हिसिंग म्हणत नाही. त्यात पैसे तर जातातच, शिवाय गॅस कमी असताना मशीन महिनोन्‌महिने चालत राहतं. कॉम्प्रेसरला गार ठेवायचं काम परत येणाऱ्या गार गॅसचं असतं. तो पुरेसा आला नाही की कॉम्प्रेसर तापत राहतो आणि शेवटी तोही जातो. म्हणजे छोटी गळती दुर्लक्षित राहून मोठा खर्च उभा करते.

आता गळती का होते? आउटडोअरची जाळी तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, म्हणजे फिन्स, चढवून केलेली असते. हे दोन धातू एकमेकांना चिकटलेले असले आणि मध्ये खारट ओल आली, की तिथे बारीकशी बॅटरी तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. फिन्सवर पांढरी भुकटी दिसते ती हीच. फिनची नळीवरची पकड सुटली की उष्णता बाहेर टाकता येत नाही, नळीतला दाब वाढतो, बिल वाढतं, आणि ताण आधीच कमजोर झालेल्या सांध्यांवर येतो. पुढे नळीही खाल्ली जाते. पितळी फ्लेअर नट, म्हणजे नळीचं रुंदावलेलं तोंड आवळून धरणारे नट, आणि बेंडचे जोड बहुधा सगळ्यात आधी दगा देतात.

लोकांना वाटतं, मीठ सुकलं की निरुपद्रवी झालं. तसं नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपणहून पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून खूप कमी आर्द्रतेत ओलसर राहतात. किनाऱ्यावर रात्रीची हवा कशी असते हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे पाऊस नसला तरी फिन्सवर बसलेलं मीठ रात्रभर ओलं असतं आणि रात्रभर आपलं काम करतं.

यातून एक गोष्ट निघते, जी सांगितली की बहुतेक जण चकित होतात. आउटडोअरला पावसापासून वाचवायला लोक त्यावर छज्जा काढतात किंवा ते पडवीच्या पत्र्याखाली बसवतात. खारा वारा तिथेही पोचतो, पण मीठ धुवून टाकणारा पाऊस पोचत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हे गोडं पाणी मशीनवर फुकट पडतंय, त्याला अडवू नका. आउटडोअर पावसात भिजायलाच बनवलेलं असतं. दिवाळी ते मे या कोरड्या महिन्यांत दुपारचे खारे वारे रोज थोडं थोडं मीठ आणून बसवतात आणि तेव्हा ते धुवायला कोणी नसतं. खरं नुकसान त्या सात-आठ महिन्यांत होतं. म्हणूनच त्रास एप्रिलमध्ये दिसतो.

तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून दोन्ही आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर, समुद्राकडे तोंड करून आहेत. ती पूर्वेला न्या. घर स्वतःच आडोसा होईल. पूर्वेला जागा नसेल तर उत्तरेकडे, घराच्या कोपऱ्यापासून आत, म्हणजे वारा वळून थेट आदळणार नाही. समुद्राच्या बाजूला नारळी-पोफळीची दाट बाग किंवा सुरूचं बन असेल तर तेही बरंच मीठ अडवतं. एकाच वाडीत शेजारशेजारच्या दोन घरांच्या मशीनमध्ये मला चांगला फरक दिसला आहे, कारण एका घरापुढे बाग होती आणि दुसऱ्यापुढे मोकळी पुळण. म्हणून 'समुद्रापासून अमुक मीटर म्हणजे सुरक्षित' असा आकडा मी देत नाही. वारा, झाडं, घराची उंची, सगळंच त्यात येतं. जागा बदलली की पाइप लांबेल. कंपनीने दिलेल्या मर्यादेत लांबी ठेवा, आणि जास्तीच्या लांबीसाठी किती ग्रॅम गॅस वाढवायचा ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याप्रमाणे वजन करूनच भरायला सांगा.

स्टँडचंही बघून घ्या. नुसत्या रंगवलेल्या लोखंडी ब्रॅकेटचा रंग दोन पावसाळ्यांत सोलतो. गरम जस्तात बुडवलेलं स्टँड आणि ३१६ दर्जाचे स्टेनलेस नटबोल्ट वापरा. खर्च थोडा वाढतो, पण वाचवावा असा नाही. जांभ्यात साधे फास्टनर नीट धरत नाहीत, दगड सच्छिद्र असतो आणि भोक सैल होत जातं. मी आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने पट्टी देतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या बाजूलाही घरांची किती दैना झाली, ते तुमच्या आईवडिलांनी पाहिलं असेल. गच्चीच्या कठड्यावर नुसतं ठेवलेलं आउटडोअर अशा वाऱ्यात राहत नाही.

देखभालीचं मुख्य काम तुमचे वडील स्वतः करू शकतात. पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी, समोर बाग असेल तर महिन्याने, आउटडोअरवर गोडं पाणी मारायचं. आधी एमसीबी पाडायची. मग साध्या नळीने, हलक्या धारेने, वरून खाली. गाड्या धुवायचा प्रेशर पंप नको, फिन्स वाकतात. ॲसिड किंवा कडक क्लीनर तर अजिबात नको. आणि एक गोष्ट नीट तपासा: तुमच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं का? किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं होतं. तसं असेल तर त्या पाण्याने मशीन धुणं म्हणजे त्यावर मीठच शिंपडणं. नळयोजनेचं किंवा पागोळीखाली साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. दोन बादल्या पुरतात.

पावसाळ्यात मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत वाफ कोंडते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं चालवा. आउटडोअरच्या सर्किट बोर्डापर्यंत पाल आणि मुंग्या जातात, वायर जिथून आत शिरते ते भोक सीलंटने बुजवायला सांगा. कोकणात बोर्ड जळण्यामागे मला हे कारण वारंवार सापडतं.

आता तुमचं बिघडलेलं मशीन टाकायचं की ठेवायचं? ते गळती कुठे आहे यावर ठरेल, आणि ते न बघता कोणी 'नवीन घ्या' म्हणत असेल तर थांबा. मेकॅनिकला नायट्रोजनने दाब देऊन तपासायला सांगा. सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे आणि दाब काही तास टिकतो का ते पाहायचं. जिथे तेलाचा डाग आहे तिथे आधी बघायचं, कारण गॅसबरोबर तेलही थोडं बाहेर येतं. फ्लेअर नटमध्ये गळती असेल तर नवा नट, नवा फ्लेअर, काम संपलं. आउटडोअरच्या एखाद्या बेंडला असेल तर ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने तापवून धातूचा डाग देणं, करता येतं. पण बोट लावल्यावर फिन्स भुकटी होऊन पडत असतील तर एक भोक बुजवून दुसरं उघडणार. तिथे पूर्ण कॉइल बदलणं किंवा नवं मशीन, यांतल्या किमतीची तुलना करा. कॉम्प्रेसर आणि बोर्ड धड असेल आणि मूळ कॉइल मिळत असेल, तर चार वर्षांच्या मशीनला मी कॉइल बदलण्याच्या बाजूने मत देईन.

गळती इनडोअर कॉइलला निघाली तर कारण वेगळं असू शकतं. त्या खोलीत अलीकडे नवीन प्लायवूडचं कपाट, व्हार्निश किंवा चिकटवलेलं लॅमिनेट झालंय का? त्यातून निघणाऱ्या फॉर्मिक आणि ॲसेटिक ॲसिडच्या वाफा दमट हवेत तांब्याला आतून पोखरतात. भोकं इतकी सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. अशा कॉइलला डाग देण्यात अर्थ नाही, ती बदलावी लागते. नवीन फर्निचर झाल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवणं हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. नळीतली हवा गॅसनेच ढकलून बाहेर काढायची पद्धत अजून चालते. त्यात दमट हवेतलं पाणी आत राहतं आणि तेलाशी मिळून आम्ल तयार होतं. तुमच्या मशीनमध्ये बहुधा आर-३२ आहे, पाटीवर बघा. तो सौम्य ज्वलनशील आहे. घरात रोज वापरायला धोका नाही, पण काम चालू असताना खिडक्या उघड्या, जवळ समई-निरांजन नाही, आणि नळीत गॅस असताना ब्रेझिंग नाही.

नवीन घ्यायची वेळ आलीच तर कंपनीपेक्षा मी चार गोष्टी विचारतो. आउटडोअरची कॉइल तांब्याची आहे का? पूर्ण ॲल्युमिनियमची बारीक खाचांची कॉइल चांगली चालते, पण खाऱ्या हवेत तिला भोक पडलं तर आमच्याकडे ती दुरुस्त होत नाही. दुसरं, लेप कसा आहे? निळे किंवा सोनेरी फिन्स म्हणजे पत्र्यावर आधी लेप देऊन मग तो कापलेला असतो, कापलेल्या कडा उघड्या राहतात. साध्या फिन्सपेक्षा ते बरे, पण पूर्ण कॉइल तयार झाल्यावर बुडवून दिलेला लेप त्याहून चांगला. मशीन जुनं झाल्यावर स्प्रे मारून देणारे भेटतात. गंज सुरू झालेल्या कॉइलवर तो मारू नका, मीठ आत कोंडलं जातं. तिसरं, वॉरंटीच्या कागदात गंज आणि किनारी हवा याबद्दल काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचा. चौथं, त्या कंपनीचा सुटा भाग दापोली-खेड-चिपळूणला किती दिवसांत येतो. मे महिन्यात तीन आठवडे बोर्डाची वाट बघणाऱ्या वयस्कर माणसांना वीजबचतीच्या स्टारचा उपयोग नसतो. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून लेबलावर नुसते तारे मोजू नका, कोणत्या काळाचं लेबल आहे ते आणि आयसीअरचा (ISEER, म्हणजे हंगामभराच्या वीज-कार्यक्षमतेचा) आकडा बघा.

दमटपणाबद्दल. तुमची खोली दहा बाय बाराची आहे. तिला दीड टन जास्त आहे, एक टन पुरला असता. एसी दोन कामं करतो, हवा गार करणं आणि तिच्यातलं पाणी काढणं. पाणी काढायला गार कॉइलवरून हवा बराच वेळ फिरावी लागते. मोठं मशीन दहा मिनिटांत खोली गार करून आपला वेग उतरवतं, कॉइल तितकी गार राहत नाही, पाणी हवेतच राहतं. मग माणूस गार पण चिकट वाटतं म्हणून १८ वर नेतो, भिंती गार होतात आणि बुरशी आणखी धरते. पावसाळ्यात मोड ड्रायवर ठेवा, तापमान २५-२६, पंख्याचा वेग कमी, वर छताचा पंखा हळू. कमी वेगाने कॉइलला पाणी काढायला वेळ मिळतो. आणि दार-खिडक्यांच्या फटी बुजवा, नाहीतर तुम्ही अरबी समुद्राची हवा कोरडी करत बसाल.

त्याहून मोठा फायदा स्लॅबमध्ये आहे. पश्चिमेच्या खोलीला दुपारी दोन ते सहा ऊन लागतं आणि वरचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो. कोकणात गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची शेड घालतातच. तुम्ही अजून घातली नसेल तर घाला, मध्ये वारा खेळेल इतकी उंची ठेवून आणि दोन बाजू उघड्या ठेवून. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली द्या. पडवी वाढवणं उत्तम, बांबूचा चिकही चालेल. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत आलेली असते. दोन्ही कामं झाली की एक टन सहज पुरेल.

विजेचं एक वाक्यात संपत नाही, पण थोडक्यात: गाव लाइनच्या टोकाला असेल तर संध्याकाळचं व्होल्टेज मीटरने मोजून घ्या, ते मशीनवर छापलेल्या मर्यादेत नसेल तरच स्टॅबिलायझर. वळवाच्या विजा सुरू झाल्या की एमसीबी पाडणं हाच खरा उपाय. आणि अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात पूर्ण सुकतो, जांभ्याच्या जमिनीत तर लवकरच. त्यात पाणी घालत राहा आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर एसीच्या आधी तो बसवा.

आता गरम पाणी. किनाऱ्यावर खोली गरम करायची वेळ येत नाही, त्यामुळे 'हॉट अँड कोल्ड' मशीनसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. सोलरची टाकी मात्र पाण्याने गेली आहे असा माझा अंदाज आहे. आतली टाकी ३०४ स्टेनलेसची असेल तर गरम खारट पाण्यात तिच्या वेल्डला टाचणीएवढी भोकं पडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. तुमचं पाणी त्या आसपास किंवा वर असेल तर तशीच टाकी पुन्हा घेऊ नका. पाण्याचा नमुना मे महिन्यात घेऊन भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. पावसाळ्यात घेतलेला नमुना विहीर गोडी असल्याचं सांगेल आणि तुम्ही फसाल.

दोन माणसांच्या आंघोळीला मी सोलर सुचवत नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे तो जवळपास बंद असतो, म्हणजे विजेची किंवा बंबाची सोय वेगळी ठेवावीच लागते. काचेचा लेप असलेल्या टाकीचा २५ लिटरचा गीझर पुरे. त्यातला मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी काढून बघायचा. टाकीऐवजी गंज त्याने खायचा असतो, आणि खारट पाण्यात तो लवकर संपतो. तो वेळेवर बदलला तर टाकी टिकते, पण हे काम कोणी आपणहून करत नाही, सांगावं लागतं. पुढेमागे दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा विचार असेल तर मात्र हीट पंप वॉटर हीटरचा हिशोब करा. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. आपल्या उबदार हवेत साध्या गीझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम होतं, आणि ढगांचा प्रश्न नाही. त्याचीही कॉइल खाऱ्या हवेत असते, म्हणून जागा आणि धुणं याबद्दल वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

खर्चाचा क्रम मी असा ठेवला असता: आत्ता नायट्रोजनने गळतीची तपासणी आणि आरसीसीबी, पावसाळ्याआधी शेड आणि खिडकीची सावली, गीझर केव्हाही. आउटडोअर पूर्वेला हलवण्याचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढा. एप्रिलमध्ये आम्हा मेकॅनिक लोकांना दिवसाला इतके फोन असतात की व्हॅक्यूमला अर्धा तास द्यायलाही कोणी तयार नसतं. दिवाळीनंतर तोच माणूस तुमच्याकडे निवांत अख्खा दिवस देईल. कळवताना आउटडोअरचा जवळून फोटो, पाटीवरचा गॅस आणि त्याचं वजन, आणि मेमधल्या पाण्याचा अहवाल एवढं पाठवलंत तर कॉइल की नवं मशीन हे मी जास्त खात्रीने सांगू शकेन.